लाकडाची भाजी

अळिंबीच्या बियाण्याच्या पाकिटावर ‘साजोर-काजू’ हे नाव वाचले की मराठी माणसाला आधी काजूगर आठवतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला तर हमखास. पण या नावाचा काजूच्या झाडाशी काहीही संबंध नाही. मलय भाषेत ‘सायूर’ म्हणजे भाजी आणि ‘कायू’ म्हणजे लाकूड. डच लोक ‘य’चा उच्चार ज्या अक्षराने लिहीत, ते अक्षर इंग्रजीच्या सवयीने ‘ज’ वाचले गेले आणि ‘सायूर कायू’चे ‘साजोर काजू’ झाले. अर्थ सरळ आहे : लाकडाची भाजी. पुठ्ठ्याच्या खोक्यावर, पेंढ्याच्या पिशवीत किंवा कापसाच्या कचऱ्यावर आज उगवणाऱ्या शिंपल्याच्या आकाराच्या या अळिंबीचे, म्हणजे धिंगरीचे, मूळ घर मेलेले लाकूड हेच.

हे नाव लिहून ठेवणारा माणूस आंधळा होता. गेऑर्ग रुम्फियस १६२७ साली जर्मनीत जन्मला, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला आणि आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर पोचला. तिथली झाडेझुडपे, शंखशिंपले, बुरशी यांची नोंद करणे हेच त्याने आयुष्याचे काम मानले. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेल्या. १६८७ च्या आगीत चित्रे जळाली. पुढे १६९२ मध्ये हस्तलिखित युरोपला निघाले, तर ते नेणारे जहाज फ्रेंचांनी बुडवले. बटाव्हियात (आजच्या जकार्तात) एक नक्कल करून ठेवली होती, म्हणून ग्रंथ वाचला. रुम्फियस १७०२ मध्ये वारला आणि त्याचे ‘हर्बेरियम अंबोइनेन्से’ १७४१ ते १७५० या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापले गेले. स्थानिक लोक ज्या नावांनी बाजारात अळिंबी ओळखत, तीच नावे त्याने लिहिली : साजोर काजू आणि जामोर. ‘जामोर’ म्हणजे नुसतीच अळिंबी. १८२१ मध्ये स्वीडनच्या एलियास फ्रीसने ही दोन्ही नावे शास्त्रात घेतली. आज गुलाबी धिंगरीला शास्त्रज्ञ ‘प्लुरोटस जामोर’ म्हणतात, तो हाच जामोर. अंबोनच्या बाजारातला शब्द अशा रीतीने तीनशे वर्षांनी पुण्याच्या बाजारात आला आहे.

भारतात अळिंबीची ओळख याहून फार जुनी. सुश्रुतसंहितेत जमिनीतून आपोआप उगवणाऱ्या भाज्यांचा एक वर्ग आहे. त्यात अळिंबी कशावर उगवली यावरून तिचे प्रकार केले आहेत : पलाल, ऊस, शेण, बांबू आणि माती. पलाल म्हणजे पेंढा. पंजाबात पेटवल्या जाणाऱ्या ज्या ‘पराली’च्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तो शब्द याच ‘पलाल’चा वंशज. पेंढ्यावरची अळिंबी गुणाने वेगळी, ही जाण त्या काळच्या वैद्याला होती, हे थक्क करणारे आहे. दुसरीकडे मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या पंक्तीत कवकही बसवले आणि द्विजांना वर्ज्य केले. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत अळिंबी आजही ताटात येत नाही, त्यामागे या जुन्या निषेधाचा वाटा आहे आणि विषाच्या भीतीचाही.

ती भीती मात्र खोटी नव्हती. रानात राहणाऱ्यांनी ती अनुभवाने सांभाळली. विदर्भातल्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात ‘सात्या’ निघतात, गोव्यात वारुळावर ‘रोण ओळमी’ उगवते, कोकणात अळंबी शोधायला माणसे पहाटे बाहेर पडतात. कोणती खायची, कोणती ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून सोडून द्यायची, हे आईकडून मुलीला आणि आजोबांकडून नातवाला कळत आले. पण वारुळावरची ही अळिंबी वाळवीबरोबर संसार करते. वाळवी तिला वारुळात पोसते, ती वाळवीला अन्न पचवून देते. वाळवीशिवाय तिची पैदास करणे आजवर कोणाला व्यवहारात जमलेले नाही. गोव्यात नंदकुमार कामत यांच्यासारख्या अभ्यासकांनी ओळमीची वारुळे उकरू नका म्हणून जो आग्रह धरला, त्याचे कारण हेच आहे. रानातली ही चव पिशवीत आणता येत नाही. शिंपल्यासारखी धिंगरी मात्र आणता येते, कारण तिला कोणी सोबती लागत नाही. तिला मेलेले लाकूड पुरते.

ओळखीची चूक किती जुनी आहे, हे जपानमध्ये दिसते. तिथे या अळिंबीला ‘हिराताके’ म्हणतात. बाराव्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या ‘कोन्जाकू मोनोगातारी’ या कथासंग्रहाच्या अठ्ठाविसाव्या खंडात तिच्या दोन गोष्टी आहेत. पहिलीत शिनानो प्रांताचा सुभेदार फुजिवारा नो नोबुतादा कारकीर्द संपवून राजधानीकडे निघतो आणि मिसाका घाटात घोड्यासकट दरीत कोसळतो. माणसे वरून हाका मारतात. खालून आवाज येतो, टोपली सोडा. दोर ओढला तर टोपली हलकी लागते आणि वर येते ती हिराताकेने भरलेली. दुसऱ्या खेपेला साहेब स्वतः वर येतात. एका हाताने दोर धरलेला, दुसऱ्या हातात अळिंबीचे घोस. कडेलोटातून वाचलेला माणूस हाताला लागलेले सोडून येत नाही! त्या काळी रानातली ही अळिंबी जिवावर उदार होऊन गोळा करावी इतकी मोलाची होती, एवढे या गोष्टीतून नक्की कळते.

दुसरी गोष्ट काळी आहे. एका डोंगरावरच्या मठाचा प्रमुख ऐंशीच्या पुढे गेला तरी मरत नाही, म्हणून सत्तरी गाठलेला त्याचा वारसदार त्याला हिराताके सांगून विषारी अळिंबी शिजवून वाढतो. म्हातारा पोटभर खातो आणि शांतपणे सांगतो, की आपण ही अळिंबी वर्षानुवर्षे खात आलो आहोत, आपल्याला तिची बाधा होत नाही. कथेतली ती विषारी अळिंबी म्हणजे आजची ‘त्सुकियोताके’ असावी, असे मानले जाते. ती लाकडावरच घोसाने उगवते, तिचाही देठ बाजूला असतो आणि रंग धिंगरीच्या जवळचा. फरक दोन : देठाजवळ उभी चिरली तर आत काळा डाग दिसतो आणि अंधारात तिचे पापुद्रे मंद उजळतात. जपानमध्ये अळिंबीच्या विषबाधांत आजही हिचा क्रमांक वरचा आहे.

आणि शतकांचे ज्ञानही कधी कमी पडते. ‘सुगिहिराताके’ ही पांढरी, पंख्यासारखी अळिंबी जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होती. २००४ च्या शरद ऋतूत ती खाल्ल्यावर ५९ माणसे आजारी पडली आणि १७ दगावली. त्यांतल्या बहुतेकांना आधीपासून मूत्रपिंडाचा विकार होता. त्यानंतर सरकारने ती खाऊ नका असे सांगितले. पांढरी आणि बाजूला देठ असलेली म्हणजे धिंगरीच, असे समजून रानातून काही उचलू पाहणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

रानातून पिकाकडे येण्याची वाट युद्धातून गेली. ‘ऑस्ट्रिआटस’, म्हणजे शिंपल्यासारखी, हे लॅटिन नाव व्हिएन्नाच्या निकोलाउस जाकँ याने १७७५ च्या सुमारास दिले होते. १८७१ मध्ये पाउल कुमर याने तिला ‘प्लुरोटस’ या प्रजातीत बसवले. प्लुरोटस म्हणजे बाजूला कान असलेली. नाव मिळूनही शतकाहून अधिक काळ तिची शेती झाली नाही, कारण युरोपात बटण अळिंबीचे राज्य होते. मग पहिले महायुद्ध आले. १९१६-१७ चा हिवाळा जर्मनीत ‘सलगमांचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो. बटाट्याचे पीक बुडाले, नाकेबंदी होती आणि माणसे जनावरांच्या खाद्यातले कंद खाऊन राहिली. हान म्युंडेन या गावातल्या वनविद्यालयात रिखार्ड फाल्क नावाचा कवकशास्त्रज्ञ होता. लाकूड कुजवणाऱ्या बुरशींचा त्याचा दांडगा अभ्यास. जंगल तोडल्यावर उरलेले रुंद पानांच्या झाडांचे बुंधे कुजणारच आहेत, तर ते खाण्याजोग्या बुरशीने कुजवावेत, असा त्याचा विचार. १९१७ मध्ये त्याने बुंध्यांवर शिंपली-अळिंबी पिकवण्याची रीत प्रसिद्ध केली. ठरवून, शास्त्रीय पद्धतीने केलेली धिंगरीची ही पहिली शेती मानतात.

ज्याने आपल्या लोकांच्या भुकेवर उपाय शोधला, त्या फाल्कला १९३३ मध्ये, ज्यू म्हणून, तोच देश सोडावा लागला. देशोदेशी भटकून १९५५ मध्ये तो अमेरिकेत अटलांटा येथे वारला. शेतीच्या इतिहासात त्याचे नाव आज जेवढे घेतले जाते, त्याहून कितीतरी जास्त घेतले जायला हवे.

बुंध्यावरची शेती मंद. बीज लावल्यावर वर्षभर वाट पाहावी लागते आणि ज्याच्या घरात बुंधा नाही त्याने काय करावे? या प्रश्नाची दोन उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाली. एक होते बियाण्याचे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात जेम्स सिंडेन याने उकडलेल्या, निर्जंतुक केलेल्या धान्यावर बुरशीचे तंतू वाढवले आणि १९३२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. एकेक दाणा म्हणजे एकेक बी. ते हाताने पेरता येते, तोलता येते, बाटलीतून पाठवता येते. महाराष्ट्रात गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर जे ‘स्पॉन’ बनते, ते याच रीतीने. दुसरे उत्तर मिळाले म्हैसूरला.

म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये चेलुवांबा महालात सुरू झाली. धान्य तुटपुंजे आणि प्रथिने त्याहून तुटपुंजी, अशा देशात आहे त्यातून अन्न वाढवणे हे तिचे काम. पेंढ्यावर अळिंबी पिकवणे दक्षिणेत अगदी नवे नव्हते. १९४० च्या दशकात कोइमतूरला भाताच्या पेंढ्यावरच्या वेगळ्याच अळिंबीचे प्रयोग झाले होते. पण ती उष्ण-दमट हवेतच वाढते आणि काढल्यावर एका दिवसात मलूल होते. १९६२ मध्ये झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी म्हैसूरला धिंगरीची एक जात भाताच्या पेंढ्यावर पिकवून दाखवली आणि तो प्रयोग छापला. लाकडाची भाजी तिथे पेंढ्याची भाजी झाली. सुश्रुताने नोंदलेले ‘पलाल’ पुन्हा एकदा अळिंबीच्या खाली आले.

हे का जमले, ते बुरशीच्या स्वभावात आहे. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन फार थोड्या जीवांना पचते. धिंगरीला ते पचते. पेंढा म्हणजे तिच्या दृष्टीने मऊ लाकूड. पण लाकडात आणि पेंढ्यात नत्र फार कमी, मग वाढीला लागणारे नत्र आणायचे कुठून? १९८४ मध्ये थॉर्न आणि बॅरन या कॅनडातल्या संशोधकांनी दाखवले, की ही बुरशी लाकडातल्या सूक्ष्म सूत्रकृमींना बधिर करते, त्यांच्यात तंतू घुसवते आणि पचवते. गुळगुळीत, मुकाट दिसणाऱ्या या छत्रीखाली अशी शिकार चालते. गरीब खाद्यावर ती कशी तगते, याचे उत्तर काही अंशी यात आहे.

म्हैसूरनंतर धिंगरीचे भारतातले केंद्र सरकले हिमाचलमधल्या सोलनकडे. तिथे १९६१ पासून अळिंबीचे काम सुरू होते. पुढे राष्ट्रीय केंद्र झाले आणि १९९७ मध्ये सोलनला ‘मशरूमनगरी’ म्हणून जाहीर केले गेले. १९७४ च्या सुमारास सी. एल. जंडाइक यांनी हिमालयाच्या पायथ्याला निवडुंगासारख्या थोराच्या मेलेल्या खोडावर एक करडी-तपकिरी धिंगरी पाहिली. ती लवकर वाढायची, उबदार हवाही सोसायची आणि पेंढ्यावर भरभरून यायची. जंडाइक आणि कपूर यांनी तिच्या लागवडीची रीत बसवली. तिला त्यांनी म्हटले ‘प्लुरोटस साजोर-काजू’. ही जात भारतभर पसरली, मग आशियाभर. परदेशात तिला ‘इंडियन ऑयस्टर’ असेही म्हणतात.

नाव मात्र चुकले होते. रुम्फियसची खरी साजोर काजू चिवट असते आणि तिच्या देठावर वलय असते. सोलनच्या धिंगरीला वलय नाही. लंडनमधल्या क्यू उद्यानातले डेव्हिड पेग्लर यांनी त्या वलयवाल्या अळिंबीला ‘लेंटिनस’ या निराळ्या प्रजातीत ठेवले. मग लागवडीतल्या जातीचे काय? बुरशीशास्त्रात याची एक सुंदर परीक्षा आहे : दोन जातींचे एकेकटे तंतू शेजारी वाढवायचे आणि ते जुळतात का पाहायचे. सोलनच्या धिंगरीचे तंतू ‘प्लुरोटस पल्मोनॅरिअस’ या जुन्या जातीशी जुळले. म्हणजे ती तीच. अमेरिकेतल्या फ्लोरिडातून आलेली पांढरीशुभ्र ‘फ्लोरिडा’ही मुळात वेगळी जात नव्हे, धिंगरीचाच एक उष्ण हवा सोसणारा प्रकार. शास्त्रज्ञांचा असा घोळ झाला म्हणून पीक खोटे ठरत नाही. पण अळिंबी नुसत्या आकारावरून ओळखणे किती अवघड, हे यावरून पुरेसे कळावे.

महाराष्ट्रात ही अळिंबी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून घराघरांत गेली. १९८३ मध्ये अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्प सुरू झाला आणि पुणे त्याचे एक केंद्र बनले. हिंदीतल्या ‘ढिंगरी’वरून ‘धिंगरी अळिंबी’ हे नाव रूढ झाले. बटण अळिंबीला कंपोस्ट लागते आणि थंड खोली लागते. धिंगरीला एक ओलसर, हवेशीर कोपरा आणि २० ते २८ अंशांची हवा पुरते. कोकणात भाताचा पेंढा, घाटावर गव्हाचे काड, मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनचा भुसा. जे शेतात पडून आहे ते चालते. म्हणून बचत गटांनी आणि अल्पभूधारकांनी ती उचलली.

घरची रीत थोडक्यात अशी. काड बोटभर तुकड्यांत कापायचे, रात्रभर भिजवायचे, निथळायचे आणि निर्जंतुक करायचे. १९८७ मध्ये सोलनच्या विजय आणि सोही यांनी यासाठी इंधन न लागणारी रीत दिली : १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलिलिटर फॉर्मलिन मिसळायचे आणि त्यात काड १६ ते १८ तास बुडवून ठेवायचे. मोठ्या उत्पादकांना ती सोयीची झाली. पण दोन-चार पिशव्या लावणाऱ्या घराने फॉर्मलिन आणूच नये. त्याच्या वाफा घशाला आणि डोळ्यांना झोंबतात आणि ते कर्करोगाला कारण ठरणाऱ्या रसायनांत मोडते. काड ८० अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवले की घरापुरते भागते. मग मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत कोरडे झालेले काड आणि स्पॉन यांचे थर पिशवीत भरायचे, ओल्या काडाच्या वजनाच्या दोन टक्के स्पॉन पुरते. तोंड बांधून पिशवीला दाभणाने भोके पाडायची आणि ती अंधाऱ्या जागी ठेवायची. पंधरा-अठरा दिवसांत आतले काड पांढऱ्या तंतूंनी बांधले जाते आणि घट्ट ढेप होते. प्लास्टिक काढायचे, उजेड-वारा द्यायचा, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचे. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसल्यावर चार-पाच दिवसांत घोस काढणीला येतो. आठवडाभराच्या अंतराने आणखी दोन पिके मिळतात.

पिशवीमुळे ओळखीचा धोका फार कमी होतो, संपत मात्र नाही. पेंढ्यात आधीपासून दुसऱ्या बुरशींचे बीजाणू असतात आणि निर्जंतुकीकरण कच्चे राहिले तर त्याही डोके वर काढतात. हिरवा डाग बहुधा ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीचा. तो पसरला तर पिशवी घरापासून लांब टाकावी. लांब बारीक देठाची, राखाडी टोपीची आणि काही तासांत काळ्या शाईसारखी विरघळणारी छत्री ही धिंगरी नव्हे. धिंगरी घोसाने येते. देठ आखूड आणि बाजूला असतो, पापुद्रे देठावर खाली उतरत जातात, देठावर वलय नसते आणि बुडाशी पिशवीसारखी वाटी नसते. शंका आली तर टोपी पापुद्र्यांची बाजू खाली करून गडद कागदावर रात्रभर झाकून ठेवावी. सकाळी कागदावर पांढरा किंवा फिका जांभळट ठसा उमटला पाहिजे. ठसा तपकिरी, गुलाबी किंवा काळा निघाला तर ती खाऊ नये.

हे पांढरे बीजाणू आणखी एका कारणाने लक्षात ठेवावेत. पूर्ण पिकलेली धिंगरी त्यांचा धूर सोडते. बंद खोलीत रोज तो श्वासात गेला तर खोकला, ताप आणि दम लागतो. मोठ्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना हा आजार होतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. म्हणून झोपायच्या खोलीत पिशवी टांगू नये आणि कडा वर वळण्याआधीच घोस काढावा. तेव्हाच तो चवीला उत्तम असतो.

स्पॉन विकत घेताना पाकिटावर जातीचे नाव आणि तयार केल्याची तारीख मागून घ्यावी. दाणे पांढऱ्या तंतूंनी पूर्ण भरलेले असावेत. हिरवे, काळे ठिपके किंवा आंबूस वास असेल तर पाकीट परत करावे. आणि पाकिटावर ‘साजोर-काजू’ लिहिलेले दिसले, तर आत असते ती बहुधा पल्मोनॅरिअस.